सलामीचा फोटो

१

धीरजकाका दर रविवारी देव व्हायचा. उरलेले सहा दिवस तो तारापूरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर असायचा आणि तिथे त्याला फारसं कुणी विचारत नसे. पण रविवारी सकाळी काळी पेटी उघडून त्याने चार पंखांचा तो किडा आभाळात सोडला, की त्याची हनुवटी दोन इंच वर जायची आणि खालचं सगळं जग त्याच्या मालकीचं व्हायचं.

समुद्राच्या बाजूला, म्हणजे अणुवीज केंद्राकडे, ड्रोन उडवायला बंदी. म्हणून काकाने आतली गावं धरली होती. स्कूटरवर पुढे काका, मागे पेटी मांडीवर घेऊन रुचिता. फोटो मोबाइलवर टाकायचे आणि खाली लिहायचं, 'काळ इथे थांबलाय.' आतापर्यंत तीन पाड्यांवर काळ थांबला होता. तिन्ही फोटोंत मोबाइलचा टॉवर दिसत होता, हे एकट्या रुचिताच्या लक्षात आलं होतं. ती बोलली नव्हती.

रुचिता नववीत होती. आईवडील सांगली जिल्ह्यात, जतजवळच्या गावी. ती शिकायला म्हणून काका-काकूंकडे बोईसरला. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याने किती बोलावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते तिला येत होतं. काका तिची ओळख करून द्यायचा ती अशी, "ही आमची म्यूट बटण." लोक हसायचे. रुचिताही हसल्यासारखं करायची आणि काकाच्या नाकातले केस मोजायची.

तिची कामं ठरलेली होती. जमिनीवर ड्रोनची नारिंगी चटई पसरायची. काकाला स्क्रीन नीट दिसावा म्हणून त्याच्यावर काळी छत्री धरायची. घरी आल्यावर सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून गावांप्रमाणे लावायचे, कारण काकाला त्याचा कंटाळा यायचा. त्यामुळे काकाने काढलेला प्रत्येक फोटो काकापेक्षा रुचिताने जास्त पाहिलेला असे.

काकाच्या दोन सवयी होत्या. ड्रोन शंभर फुटांवर गेला की तो हात पसरून वर बघायचा आणि सरळ खालचा एक फोटो घ्यायचा. याला तो 'सलामी' म्हणे. सलामीच्या फोटोत कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात मिळालेली त्याची पोपटी टोपी दिसायची, नारिंगी चटई दिसायची, आणि शेजारी एक काळं वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे रुचिता.

दुसरी सवय परतीची. बॅटरी संपत आली की ड्रोन परत बोलावायचं बटण दाबताना तो मोठ्याने ओरडायचा, "चला राणीसाहेब, घरी चला!"

२

मासवणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तो पाडा होता. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. आता माघ चालू होता. बारा-तेरा घरांपैकी सहा बंद.

काकाने नेमकं एका बंद घराचं अंगण निवडलं. अंगण शेणाने लख्ख सारवलेलं होतं, कुठे पानही पडलेलं नव्हतं. कुडाच्या भिंती, दाराला बांबूची आडकाठी, आणि दारापुढच्या पायरीवर एक सूप उपडं ठेवलेलं.

रुचिताने चटई पसरली तोच शेजारच्या घरातून एक म्हातारी आली. हात शेणाने भरलेले.

"दादा, या आंगनात नको उडवू. बाजूला शेत हाय ना."

"का? अंगण तुझं आहे का?" काका म्हणाला. बिल्डिंगच्या वॉचमनला काका 'तुम्ही' म्हणत असे. म्हातारी त्याच्या आईच्या वयाची होती.

"माज्या पोराचं हाय. देवूचं. भट्टीवर गेलीत सगली."

"मग रिकामंच आहे की."

"रिकामं नाय," म्हातारी म्हणाली.

"बरं बरं." काकाने कानात इअरफोन घातला. म्हाताऱ्या माणसाशी बोलणं संपवायची ही त्याची पद्धत होती.

ड्रोन घोंघावत वर गेला. सलामी झाली. म्हातारी, ठकी तिचं नाव, छत्रीखाली उभ्या रुचिताजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, उडवा तर उडवा. पन निघताना या आंगनात कोनाला 'चला' नको बोलू. पोरा जाताना सांगून गेलीत, तू राहा, आमी येतो. तो रायलाय. तुमी चला बोललात तर त्याला वाटल, त्यालाच बोलवतात."

कोण, असं रुचिताने नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

"रायलाय तो," ठकी म्हणाली. शेजारच्या घरी पाहुणा आलाय हे जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज. मग ती सारवायला निघून गेली.

काकाला सांगायला हवं होतं. रुचिताने मनात वाक्य जुळवलं. 'काका, ते इथे म्हणू नका.' मग त्यावर काका काय म्हणेल तेही जुळवलं, आणि त्यावर तो किती वेळ हसेल तेही. रुचिताची वाक्यं अशीच तयार होईतो शिळी व्हायची. तेवढ्यात रिमोट पिपाणीसारखा वाजू लागला.

"चला राणीसाहेब, घरी चला!"

कोंबड्या पांगल्या. ड्रोन खाली येऊ लागला. आणि त्याच्या घोंघाटाखाली रुचिताला दुसरा एक आवाज आला, अगदी जवळून. खूप वेळ उकिडवं बसलेलं माणूस उठतं तेव्हा गुडघे वाजतात, तसा.

तिने पायरीकडे पाहिलं. सूप उताणं पडलं होतं.

वारा असेल. पण हातातली छत्री जागची हलली नव्हती.

३

पुढच्या रविवारी ते उमरोळीच्या शेतात गेले. संध्याकाळी रुचिता फोटो लावत बसली. सलामीच्या फोटोत पोपटी टोपी होती, चटई होती, काळं वर्तुळ होतं. आणि पाठीमागे, बांधाजवळ, आणखी कुणी तरी होतं.

वरून पाहिलं की माणसाचं फक्त डोकं आणि खांदे दिसतात. हे उकिडवं बसलेलं होतं. गुडघे पुढे आलेले, हात गुडघ्यांवर टाकलेले. खोड असेल, असं रुचिताला वाटलं. शेतात खोडं असतात. तिने फोटो मोठा केला. मोठा केल्यावर ते खोडही वाटेना आणि माणूसही वाटेना, नुसते चौकोन दिसले. तिला बरं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी बेटेगाव. तिथे ते बांधाजवळ नव्हतं. चटईपासून दहा पावलांवर होतं. त्याच बसणीत.

गावातला कुणी असेल. ड्रोन बघायला माणसं येतातच. पण रुचिताला त्या सकाळचं सगळं आठवत होतं. मागे मोकळं कापलेलं शेत होतं, आणि कुणीही आलं नव्हतं म्हणून काका चिडला होता. बघणारं कुणी नसलं की काकाचा उत्साह ओसरायचा.

बुधवारी काकाने नवी बॅटरी तपासायला बिल्डिंगच्या गच्चीवरूनच ड्रोन दोन पुरुष उंचीवर नेला. सवयीने एक फोटोही घेतला. गच्चीचं दार रुचिताने स्वतः लावून घेतलं होतं. फोटोत पाण्याच्या टाकीला टेकून ते बसलं होतं. काकाच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ.

त्या रात्री जेवताना रुचिता बोलली. काकू वाढता वाढता थांबली, इतकी ती गोष्ट नवी होती.

"काका, त्या पाड्यावर आजी म्हणाली होती की अंगणात 'चला' म्हणायचं नाही. तुम्ही म्हणालात. तेव्हापासून फोटोत कुणी तरी आहे."

काकाने फोटो पाहिले. बोटाने पुढे-मागे केले. एका फोटोवर त्याचं बोट थांबलं, हे रुचिताने पाहिलं. मग त्याला हसू फुटलं.

"सपना, ऐकलंस? म्यूट बटण चालू झालं आणि पहिला आवाज भुताचा! अगं, लेन्सवर डाग आहे. नववीत ना तू? सायन्स आहे ना तुम्हाला?"

"डाग जागा बदलतो?" रुचिता पुटपुटली.

"तिला कशाला चिडवता?" काकू म्हणाली. "आणि ते दाराच्या आतल्या बाजूला माती कोण आणतं ते सांगा आधी. रोज पुसते मी. लाल माती. टाचांचे दोन ठसे, शेजारी शेजारी. चालत आलेले नाहीत, नुसते तिथेच."

"तुझीच टाच असेल. भेगा बघ जरा."

काकू गप्प झाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांतली पाच ती अशीच गप्प झालेली होती.

रुचिता दाराजवळच्या खोलीत झोपायची. पहाटे तिला जाग आली ती फरशीच्या आवाजाने. कोरडा तळवा सरकावा तसा. पाय अवघडले म्हणून कुणी बसल्या बसल्या जागा बदलतं, तेवढाच. मग पुन्हा शांत. तिने उठून पाहिलं नाही. स्वतःला सांगितलं की फ्रिज आहे. फ्रिज स्वयंपाकघरात होता.

४

काकाला मात्र या सगळ्यात एक व्हिडिओ दिसला. 'झपाटलेला पाडा.' रविवारी ते पुन्हा मासवणच्या वाटेला लागले.

ठकी जणू वाट पाहत उभी होती. काकाकडे न बघता तिने रुचिताला विचारलं, "आनलाव काय परत? सोडून जा त्याला. पायरीपाशी उभं रावून सांगा, तू राहा. हात जोडून सांगा. घर असं उघडं नाय ठेवता येत, कोनीतरी लागतो."

"कुणी तरी लागतं?" काकाचे डोळे चमकले. "थांब, थांब. हे व्हिडिओत घेऊ. रुचिता, रिमोट धर. मी पायरीवर, तू वरून शूट कर."

"दादा, मस्करी नको करू."

"तू गप गं. तुलाच फेमस करतोय."

त्याने पायरीवरचं सूप उचलून बाजूला फेकलं आणि तिथे उकिडवा बसला. पोपटी टोपी नीट केली, हात गुडघ्यांवर टाकले. नक्कल चांगली जमली होती. काकाने तो फोटो नीट पाहिला होता, डाग म्हणून नव्हे, हे त्या बसण्यावरून रुचिताला कळलं.

छत्रीचा दांडा खांद्यावर टेकवून रुचिताने ड्रोन वर नेला. स्क्रीनवर सारवलेलं अंगण, कौलं, पायरीवर पोपटी ठिपका. आणि चटईजवळ, काळ्या छत्रीच्या वर्तुळाला जवळजवळ चिकटून, दुसरं कुणी तरी बसलेलं. रुचिताने मान वळवली नाही. तिला मान वळवता येईना.

काका हात जोडून, नाटकातल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "घ्या! मी राहतो इथे! चला, तुम्ही सगळे घरी चला!"

म्हणण्याआधी त्याने श्वास घेतला होता. तेवढा वेळ पुरेसा होता. 'नको' हा शब्द दोन अक्षरांचा आहे. तो रुचिताच्या दातांच्या मागे तयार होता, या वेळी शिळाही झाला नव्हता. पण काका किती मूर्ख दिसतोय हे तिला बघायचं होतं. वरून, आभाळातून, नीट बघायचं होतं.

ठकीने पदर तोंडावर ओढला आणि ती वळून चालू लागली.

अंगणात गुडघे वाजले.

ड्रोन उतरू लागला. रुचिता त्याला चटईवर आणत होती तेव्हा काका तिच्याजवळ येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती. त्याने रिमोट तिच्या हातातून घेतला नाही, व्हिडिओ कसा आला ते विचारलं नाही. गाडी सुरू करून हळू म्हणाला, "बस नीट. पेटी सांभाळ."

परतीच्या वाटेवर त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

५

त्यानंतर घर बदललं. तक्रार करावी असं काही नव्हतं, उलटच.

काका कामावरून आला की दाराच्या आत भिंतीला टेकून उकिडवा बसायचा. पाठ दुखते, म्हणाला. ताट तिथेच घ्यायचा, ताटातलं सगळं संपवायचा. आमटीत मीठ कमी पडलं तर काही बोलायचा नाही. रुचिताला 'रुचिता' म्हणायचा. पहिल्यांदा त्याने नाव घेतलं तेव्हा तिला कळलंच नाही की आपल्यालाच हाक मारतोय.

"किती शांत झालेत हे," काकू म्हणाली. पोळ्या लाटताना ती गुणगुणत होती. रुचिताने तिला आजवर गुणगुणताना ऐकलं नव्हतं. "वय झालं की माणूस सुधारतो, नाही का?"

दाराजवळ रोज दोन टाचांची लाल माती असायची. काकू आता न बोलता पुसायची.

ड्रोनची पेटी कपाटावर गेली. रुचिताने त्या रविवारचं कार्ड आठवडाभर कॉम्प्युटरला लावलं नाही. मग लावलं. व्हिडिओनंतर एक फोटो होता, तिने न काढलेला. किंवा उतरवताना बोट लागलं असेल. खाली चटईपाशी छत्रीचं काळं वर्तुळ, म्हणजे ती स्वतः. तिच्याजवळ उभा काका, उघड्या डोक्याचा.

आणि पायरीवर पोपटी टोपी.

टोपीच असेल, विसरलेली. रुचिताने फोटो मोठा केला. टोपीखाली खांदे होते. खांद्यांना काकाचा चौकटीचा शर्ट होता. चटईपाशी उभ्या काकाच्या अंगावरही तोच शर्ट होता.

यावेळी चौकोन दिसले तरी तिला बरं वाटलं नाही.

६

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, मैत्रिणीकडे प्रोजेक्ट आहे असं काकूला सांगून रुचिता निघाली. पेटी दप्तरात बसली. पालघरपर्यंत लोकल, तिथून मनोरकडे जाणारी एसटी, मग अर्धा तास पायी. आपण ही धाडसाची गोष्ट करतोय असं तिला वाटत होतं. ड्रोन उडवायला तिला येत होता. चार्ज ती करायची, पंखे ती बदलायची. काकाला फक्त ओरडायला यायचं.

पायरी रिकामी होती. सूप अंगणात पडलं होतं तसंच.

ठकी भिंतीला टेकून बसली होती. "नेयाला आलीस?" ती म्हणाली. "ने बाय. हा नीट नाय राहत. दार वाजवतो सारखा. आमचा कसा गप रावायचा. ज्येष्ठात देवू येल, त्याला मी काय सांगू?"

रुचिताने चटई पसरली. ड्रोन सोडला. शंभर फुटांवर थांबवून कॅमेरा सरळ खाली केला.

स्क्रीनवर पायरीवर पोपटी टोपी होती.

ती हलली. मागे झुकली, आणि टोपीखालून काकाचा चेहरा वर झाला. इतक्या उंचीवरून चेहरा केवढा दिसणार, बोटाच्या पेराएवढाही नाही. पण त्याचं तोंड उघडत आणि मिटत होतं, सारखं, न थांबता. काय तरी सांगत होता. ओरडत असावा. ड्रोनच्या व्हिडिओला आवाज नसतो. काका त्यावर नंतर गाणी टाकायचा.

पहिल्यांदाच काका बोलत होता आणि काही ऐकू येत नव्हतं.

"बोल ना पोरी," ठकी म्हणाली. "चला बोल. एवढंच हाय."

रुचिताने तोंड उघडलं. शब्द होता, जिभेवर होता. मग तिला काकूचं गुणगुणणं आठवलं. 'भेगा बघ जरा' आठवलं. काकाने ताटलीवर ताटली आपटल्याचा आवाज आठवला, जो महिनाभर घरात आला नव्हता. तिने स्क्रीनकडे पाहिलं. ते इवलंसं तोंड उघडत होतं, मिटत होतं. अजूनही, पायरीवर बसूनही, आपलं सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे अशी त्याची खात्री होती.

रिमोट पिपाणीसारखा वाजू लागला.

तिने ड्रोन हाताने खाली आणला. चटई गुंडाळली. पंखे मिटले. अंगणातलं सूप उचलून पुसलं आणि पायरीवर, जिथे काही दिसत नव्हतं तिथे, वाकून उपडं ठेवलं. ठेवताना तिच्या मनगटाला गार काही तरी लागलं, बोटांसारखं. तिने हात सोडवून घेतला.

निघताना ती कुणालाच काही बोलली नाही. ठकी तिच्याकडे बघत राहिली. मघाशी त्या नजरेत आशा होती. आता काकाकडे बघताना जे असायचं, ते होतं.

संध्याकाळी तिने बेल वाजवली. दार लगेच उघडलं. आत, दाराशी, तो उकिडवा बसला होता. स्वयंपाकघरात काकू गुणगुणत होती. त्याने आधी रुचिताच्या दप्तराकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागे, रिकाम्या जिन्याकडे.

"कुणाला आणलंस का सोबत?" त्याने विचारलं.

रुचिताने मान हलवली. नाही.

तो थोडा सरकला. ती आत आल्यावर त्याने दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ लावून बसला. गुडघे वाजले.